वळणावरचा पिवळा दिवा

सर्जेराव औताडे गाडीवर रुसले ते पाऊसकाळ सरता सरता. माणसावर रुसावं तसे रुसले. बाहेरून आले की चावी टेबलावर टाकायची आणि कुणी काही विचारायच्या आत सांगायचं, "मला चालवूच देत नाय ती. वळण आलं की मधीच ब्रेक मारती. तिची ती."

आशाबाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "मारू द्या की. चांगलंच हाय." सर्जेरावांना ते पटत नसे.

त्यांचं दुखणं कळायचं ते लेकीला, विशाखाला. शेंद्र्याच्या एका कंपनीत ती डिझाइनचं काम करत होती आणि आईवडिलांबरोबर उस्मानपुऱ्यात राहत होती. गाडी चालवायला तिला वडिलांनीच, तिच्या अण्णांनीच, शिकवलं, चितेगावजवळच्या त्यांच्या पडीक रानात. तिच्या मैत्रिणींचे वडील मुलींना "हळू चालव" म्हणत. अण्णा म्हणत, "वेग वाईट नसतो, बाई. घाई वाईट असती." मग शेजारी बसून ते तिच्याकडून ढेकळांमधून जुनी जीप अशी फिरवून घेत, की संध्याकाळी दोघांच्या भुवयांवरसुद्धा माती असे.

सर्जेरावांनी उभी हयात चितेगावच्या कारखान्यात काढली, पण लोक त्यांना ओळखत ते रविवारच्या सर्जेरावांमुळे. तरुणपणी ते मातीवरच्या शर्यती खेळले. नाशिकपासून नांदेडपर्यंत कुठं शर्यत असली की जीप घेऊन हजर. बैठकीतल्या काचेच्या कपाटात देवांपेक्षा कप जास्त होते. शर्यती सुटल्या, तरी रविवारी सकाळी दौलताबादवरून खुलताबादचा घाट चढायचा हा नेम सुटला नाही. रस्ता मोकळा असेल तेवढाच वेग, समोर माणूस दिसला की पाय वर. पण मोकळ्या वळणात गाडी अशी वाहती ठेवायची की शेजारच्याच्या हातातलं पाणी हिंदकळू नये. विशाखा लहानपणापासून त्या शेजारच्या सीटवर बसत आली होती.

ही नवी गाडी दोन वर्षांपूर्वी आली. हल्लीच्या गाड्यांत असते तशी घसरण रोखणारी यंत्रणा तिच्यात होती. स्टिअरिंग कुठं वळवलंय आणि गाडी खरोखर कुठं चाललीय, याचा मेळ ती सतत घालत असते. मेळ बसला नाही की एखाद्या चाकाला आपणहून ब्रेक लावते, इंजिनाचा जोर काढून घेते, आणि समोर एक पिवळा दिवा लुकलुकतो. सांभाळून चालवणाऱ्याला तो दिवा वर्षातून एकदाही दिसत नाही. अण्णांना सुरुवातीला तो क्वचित दिसे. मग ते हसत, "मास्तरीणबाई जाग्या झाल्या." यंदाच्या उन्हाळ्यानंतर मात्र मास्तरीणबाई झोपेनाशाच झाल्या. साध्या वळणालाही दिवा लागायचा, गाडी जागच्या जागी मलूल व्हायची, आणि अण्णांचा चेहरा पडायचा.

विशाखा त्यांना घेऊन गॅरेजला गेली. रामहरी नावाच्या मेकॅनिकनं चाकं जुळवली, स्टिअरिंगचा सेन्सर नव्यानं लावून दिला, स्वतः एक चक्कर मारून आला.

"काका, सगळं ओके आहे," तो म्हणाला. "काही गाड्यांत ही सिस्टीम जरा हळवीच असते. जोरात चालवणाऱ्यांची नेहमीची तक्रार आहे ही."

"बघ," अण्णा लेकीला म्हणाले. "मी म्हणत नव्हतो?"

विशाखाला बरं वाटलं. का बरं वाटलं, याचा तिनं विचार केला नाही. त्याच आठवड्यात आई तिला हळूच म्हणाली होती, "विशू, शर्टाची बटणं हल्ली मलाच लावाया सांगत्यात. चहा बशीत सांडतो." त्यावर ती जरा चिडूनच बोलली होती, "आई, वय झालं की होतं असं." गाडी हळवी आहे हे ऐकल्यावर मग तिला त्या गाडीबद्दल मायाच वाटली.

दिवाळी जवळ आली होती. त्या रविवारी सकाळी दोघं निघाले. दौलताबादला रस्त्याच्या कडेनं सीताफळांच्या पाट्या लागल्या होत्या. घाटाच्या पायथ्याशी अण्णांनी गाडी थांबवली आणि डॅशबोर्डवरचं एक बटण दाबून धरलं. यंत्रणा बंद झाली.

"आज बाईंना सुट्टी," ते म्हणाले.

"अण्णा, राहू द्या ना चालू."

"एकदा बघू तर दे, गाडी माझी हाय का तिची."

पहिली दोन वळणं चांगली गेली. अण्णांच्या चेहऱ्यावर जुनं हसू आलं आणि विशाखा सीटला टेकून बसली. पुढचं डावं वळण त्यांच्या खास आवडीचं, लांबट आणि वर चढणारं. गाडी त्यात शिरली, आणि सरळच जात राहिली. विशाखानं अण्णांच्या हातांकडं पाहिलं. हात स्टिअरिंगवर तसेच होते. डोळे वळणावर होते, पण हात डोळ्यांचं ऐकत नव्हते. मग ते एकदम वळले, हवे त्याहून जास्त. मागची चाकं सुटली, गाडी तिरकी झाली, कडेच्या खडीवर खरखरत गेली आणि थांबली. पुढच्या बंपरपासून हातभर अंतरावर सीताफळांच्या दोन पाट्या होत्या. त्यामागं बसलेली म्हातारी कधीच उठून कातळाला टेकली होती.

धूळ खाली बसली. अण्णा उतरले आणि त्यांनी त्या म्हातारीपुढं हात जोडले. विशाखानं त्यांना देवळातही असे हात जोडताना पाहिलं नव्हतं.

"लागलं का, माय?"

"नाय लागलं," म्हातारी म्हणाली. "पर बघून चालवावं, दादा. घरी वाट बघत असत्याल."

अण्णा परत आले ते गाडीला टेकून उभे राहिले. म्हणाले, "वाळू व्हती रस्त्यावर."

विशाखानं मागं वळून पाहिलं. रस्ता झाडल्यासारखा स्वच्छ होता.

"हो," ती म्हणाली. "होती थोडी."

अण्णांनी चावी तिच्यापुढं धरली. "तू चालव. यंत्रणा चालू ठेव. खालपासनं घे आणि ह्याच वळणातनं ने, मी नेतो तशी. दिवा लागला, तर दोष गाडीचा."

नाही लागला तर, हे दोघांपैकी कुणी बोललं नाही.

तिनं गाडी खाली नेली, वळवली आणि चढायला लागली. हाताला घाम होता, पण वळण समोर आलं तसा हात आपला आपण शांत झाला. नजर आधी गेली, मागून हात गेले, मग पाय. गाडी त्या वळणातून चितेगावच्या कालव्याचं पाणी जावं तशी गेली. दिवा लागला नाही.

"अजून एकदा," अण्णा म्हणाले.

विशाखा पुन्हा खाली आली. वर चढताना तिला काय करायचं ते ठरलेलं होतं. वळणाच्या ऐन मध्यात तिनं स्टिअरिंगला हिसका दिला. गाडीनं झटका खाल्ला, इंजिन गुदमरलं, पिवळा दिवा भराभर लुकलुकला.

"बघा, अण्णा," ती म्हणाली. आवाज शक्य तेवढा सहज ठेवला. "मलापण लागला. गाडीच हळवी आहे."

घाट संपून वडाची झाडं लागली तेव्हा अण्णा म्हणाले, "बाजूला घे."

तिनं गाडी सावलीत उभी केली. अण्णा समोर बघत होते.

"विशू, तुझा हात मी घडवलाय. तो असा हिसका देत नाय."

"अण्णा, खरंच..."

"ऐक तर. पयल्या खेपेला नेली ना, तशी मीबी कधी नेली नसंल. लई चांगली नेलीस." ते थांबले. "मला कळत व्हतं गं, उन्हाळ्यापासनं. डोक्यातनं निघतं, पर हातापतोर यायला येळ लागतो. मला वाटलं गाडीच बिघडली आसंल. गाडी बिघडली तर दुरुस्त तरी करता येती."

त्यांनी उजवा हात गुडघ्यावर ठेवला होता. त्याचा अंगठा बोटांवर बारीक बारीक घासत होता, विडी वळावी तसा. ही चाळवाचाळव विशाखानं कितीदा तरी पाहिली होती आणि दर वेळी नजर दुसरीकडं नेली होती. आता तिनं तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. हातांतसुद्धा तो थांबला नाही. मग ती स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडली. अण्णा तिच्या पाठीवरून डावा हात फिरवत राहिले, दुखणं तिचंच असल्यासारखी तिची समजूत काढत.

डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्या लिहून दिल्या, व्यायाम सांगितले, आणि गाडी चालवता का म्हणून विचारलं. विशाखा बोलायच्या आत अण्णा म्हणाले, "चालवायचो." आशाबाईंनी पदर तोंडाला लावला. नवऱ्यानं गाडी सोडावी म्हणून जन्मभर देवाला सांगणारी बाई, पण दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तीच सगळ्यांत जास्त रडली.

अण्णांनी त्यानंतर गाडीचं नाव काढलं नाही. विशाखानंच एका रविवारी हट्टानं त्यांना शेजारी बसवलं आणि घाटाकडं नेलं. थंडी पडली होती, रस्ता मोकळा होता. तिनं अण्णांना आवडेल तशी गाडी चालवायला घेतली. दोन वळणं गेली, आणि तिला खाली काहीतरी हलताना दिसलं.

अण्णांचा उजवा पाय होता. शेजारच्या सीटवर बसून ते मनातल्या मनात गाडी चालवत होते, पायाखालच्या मॅटवर ब्रेक दाबत होते. पण पाय पडायचा तेव्हा वळण संपून गेलेलं असायचं. पुढच्या वळणालाही तसंच झालं. गाडी सरळ रस्त्याला लागली आणि मग कुठं तो पाय खाली टेकला. अण्णांच्या लक्षात येत होतं की नाही, कोण जाणे. ते खिडकीबाहेर बघत होते.

विशाखानं वेग कमी केला. आणखी कमी केला. मागून एका जीपवाल्यानं हॉर्न दिला, शिव्या घालत पुढं निघून गेला. तिनं पाहिलंही नाही. तिची एक नजर रस्त्यावर होती आणि एक त्या पायावर. असं करत करत ती अशा वेगाला आली, की वळण यायचं आणि बरोबर त्याच क्षणी अण्णांचा पाय मॅटवर पडायचा. मग सबंध घाट तिनं त्याच वेगानं चढवला.