पाठीमागची माणसं

मी अंतराळातून परत आलो, पण तिकडचे किरण माझ्यातून जायचे थांबले नाहीत. ते कपाळातून आत शिरतात आणि मागून बाहेर पडताना एखादी आठवण बरोबर नेतात. माझ्या मागे जो असेल त्याला ती लागते. डॉक्टर म्हणाले, "भिंतीला पाठ लावून बसत जा." तसं बसलो. आता आमच्या हॉलच्या भिंतीला माझी मुंज आठवते, मला नाही.

कॉलनीला हे कळायला वेळ लागला नाही. माणसं सभ्य, कुणी काही मागितलं नाही. फक्त माझ्याशी समोरून बोलणं बंद झालं. भाजीच्या गाडीवर "तुमचं होऊ द्या निवांत" म्हणत सगळे माझ्या मागे. सलूनवाल्या गंगारामला तर उभ्या उभ्या माझं अख्खं कॉलेज मिळालं. कात्री चालवता चालवता तो म्हणाला, "साहेब, दुसऱ्या वर्षाला तुम्ही कॉपी केली होती."

"असेल," मी म्हटलं.

"पकडले नाही गेलात पण. हुशारच."

बायको मात्र कायम समोर बसायची. मागे बसून नवऱ्याच्या आठवणी उचलणं तिला पटत नव्हतं. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राही, आपण अजून आहोत ना तिथे, हे तपासल्यासारखी.

तिचं नाव कधी गेलं, मला कळलंच नाही. ती मला 'अहो' म्हणते, मी तिला 'अगं' म्हणतो. संसाराला तेवढं पुरतं. गेल्याचं लक्षात आलं तेव्हा मी घरभर शोधलं. दारावरच्या पाटीवर माझं नाव होतं. लाइटबिलावरही माझंच. तिला विचारायची लाज वाटली.

मग शेजारच्या टिपणीसांच्या मुलीचं केळवण आलं. टेबलाशी मी, समोर बायको. यजमान असूनही टिपणीस वाढायचं सोडून माझ्या मागे खुर्ची ओढून बसले. गेले काही महिने ते असेच बसत. जेवता जेवता उखाणे सुरू झाले, आणि टिपणीसवहिनी म्हणाल्या, "आता भाऊजींनी नाव घ्यायचं. एवढ्या लांब जाऊन आलात, इथे कसले लाजताय?"

बायकोने श्रीखंडपुरीचा घास हातात धरला.

"चंद्र पाहिला जवळून, सूर्य पाहिला लांबून," मी म्हटलं आणि नाव यायच्या जागी थांबलो.

लोक हसले. थोड्या वेळाने हसायचे थांबले. श्रीखंड तिच्या बोटांवरून मनगटाकडे उतरत होतं. तिने हात खाली घेतला नाही.

मागून टिपणीसांनी तिचं नाव घेतलं. "...वाट बघते कधीची दारामध्ये थांबून." उखाणा त्यांनीच पुरा केला. नाव मला ऐकू आलं, पण आत त्याला टेकायला जागा नव्हती.

"वहिनी," टिपणीस पुढे म्हणाले, "नरसोबाच्या वाडीला तुमची चप्पल नदीत गेली होती ना? किती हसला होतात."

बायको लाजली. इतक्या लोकांत, दुसरीच्या नवऱ्यासमोर, मान खाली घालून लाजली.

"तुम्ही गप्प बसा हो," टिपणीसवहिनी नवऱ्याला म्हणाल्या. मी पानातल्या लोणच्याकडे बघत राहिलो.

बायकोने घास आपल्या पानात ठेवला, हात पुसला आणि टेबलाला वळसा घालून आली. "भाऊजी, उठा तिथून." टिपणीस उठले. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"अगं, काय करतेस?"

"सरळ बसा. हलू नका," ती मागून म्हणाली. "उरलंसुरलं आहे ते तरी माझं मला घेऊ द्या."

मी सरळ बसलो. किरण येत राहिले. मागे कुणीतरी हसलं, मग परत हसलं. समोरची खुर्ची रिकामी होती. तिच्यापुढच्या पानात एक घास कुणीतरी करून ठेवला होता.

"पुरी वाढू का, भाऊजी?" टिपणीसवहिनींनी विचारलं.

"माझ्या मागे कुणी पाहुण्या बसल्यात," मी म्हटलं, "त्यांना आधी वाढा."

मागचं हसणं थांबलं. माझ्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे, त्या बाईने कपाळ टेकलं. सगळे बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण हलायचं नाही असं कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून मी हललो नाही.