ती सहाण नको!

मी एक जुनी सहाण आहे, मित्रांनो. देवघरातली चंदनाची नव्हे, औषधाची. आमच्या रत्नागिरीचा जांभा दगड भोकाभोकांचा, त्याची सहाण होत नाही. म्हणून घाटावरच्या एका पाथरवटाने मला काळ्या दगडातून घडवलं आणि उमाकाकींच्या रुखवतातून मी मांडवीला आले.

काकींनी माझ्यावर किती बाळांची गुटी उगाळली, त्याला गणती नाही. हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, ज्येष्ठमध. ज्याचे त्याचे उगाळायचे वेढे ठरलेले. आधी मला गरम पाण्याने धुवायचं आणि उगाळून झालं की पहिलं बोट स्वतःच्या जिभेला लावायचं, हा त्यांचा नेम. "दुसऱ्याच्या पोटात जायचंय, आधी माझ्या जाऊ दे," असं त्या म्हणत.

त्यांच्याकडे एकदा सखू आली. मिरजोळ्याच्या एका कारखान्यात दिवसभर बसून काजू सोलणारी. गुडघे धरले की ती उपाशीपोटी दुखण्याच्या गोळ्या घ्यायची. पुढे पोटात आग पडू लागली. डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं आणि सांगितलं, जठराच्या आतल्या अस्तराला जखमा झाल्यात, या गोळ्या कायमच्या बंद.

काकींनी माझ्यावर ज्येष्ठमध उगाळला आणि दुधातून दिला. वर दमही दिला, "अगो सखू, डॉक्टरांचं औषध सोडू नको हो. हे नुसतं जोडीला. आणि त्या गोळ्यांना पुन्हा हात लावलास, तर धन्वंतरी आला तरी उपयोग नाही!" सखूने ऐकलं. हळूहळू आग निवाली. तिने जाताना मला हात जोडले, तेव्हा दगडाची असूनही मी सुखावले.

गेल्या वर्षी काकी गेल्या. त्यांच्या मुलाने, सलिलने, दारावर 'शुद्ध झाडपाला' अशी पाटी लावली. सखू आली आणि म्हणाली, "पोट शांत हाय ओ दादा, पन ह्ये गुडघं काय जगू देत नाय."

"काळजी करू नको. एकाच पुडीत दोन्ही बसवतो," सलिल म्हणाला.

मग दार लावून त्याने माझ्यावर काय ठेवलं असेल? पांढरी गोळी! मुळी कशी फेर धरते, सावकाश आपला रस सोडते. ही एका दाबात पिठूळ झाली. सखूचं पोट जिने सोललं, तीच ही. त्यात ज्येष्ठमधाची पूड मिसळली की झाला झाडपाला! त्याने मला धुतलं नाही, आणि बोट जिभेला तर नाहीच नाही. केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. आणि कापणारा कोण, तर माझ्यावरच्या गुटीवर वाढलेला!

सखूचे गुडघे लगेच हलके झाले. तिने गावभर सलिलचं नाव केलं, दारात माणसं वाढली. मी मात्र रोज आतल्या आत जळत होते. मला तोंड नव्हतं.

एके दिवशी सखूची मुलगी दीपाली धावत आली. सखूला चहाच्या चोथ्यासारखी काळी उलटी झाली होती, ती इस्पितळात होती.

"डॉक्टर इचारतायत, गोळ्या घेतल्या काय? ती शपथेवर नाय म्हणतेय, तर तिलाच खोटी पाडतायत! आयस माझी खोटं नाय बोलत. दादा, पुडीत काय होतं?"

सलिलच्या पोटातलं पाणी हललं नाही. त्याने माझ्याकडे बोट केलं. "आईच्या या सहाणेवर उगाळलेला झाडपाला. दुसरं काही नाही."

तेवढ्यात आत बाळ रडू लागलं. सलिलची बायको भार्गवी गुटीसाठी बाहेर आली आणि तिने मला उचललं.

"ती नको!" सलिल ओरडला. "ती सहाण नको! दुसरी आण."

"का नको?" भार्गवीने विचारलं.

त्याने तोंड फिरवलं. दीपाली दारातच थिजली. भार्गवीने माझ्यावरून बोट फिरवलं, जिभेला लावलं आणि गोळीची कडू चव लागताच थुंकली. मग उरलेल्या पुड्यांसकट मला दीपालीच्या ओटीत घातलं. "जा, धाव. डॉक्टरांना सांग, तुझी आई खरी आहे."

सखू वाचली. मी आता तिच्याच घरात असते. परवा दीपालीने मला घासून उन्हात ठेवलं, तर सखू म्हणाली, "नको गो, पालथी घाल तिला. बघवत नाय." मला वाईट वाटलं, पण तिचं काय चुकलं?

मित्रांनो, झाडपाला घ्या, डॉक्टरांना सांगून घ्या. पुडी किती गुणाची आहे, हे देणाऱ्याला विचारू नका. सगळे छानच सांगतात. फक्त एवढं विचारा, "हे तुझ्या बाळाला चाटवशील?" आणि मग त्याच्या तोंडाकडे बघा.