केबिन रोडवरचा संकासूर

माझा नवरा पोरं पळवणारा नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कोणा बघ्यानं काढलेला त्याचा मार खातानाचा व्हिडिओ फिरलाय आणि खाली लिहिलंय, 'बच्चा चोर पकडा गया, भायंदर ईस्ट'. हे सगळं खोटं आहे असा मेसेज मी स्वतः टाकला, तर कोणी साधं उत्तर दिलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं झालं. फक्त इथे फाशी देताना समोर आणखी एक कॅमेरा चालू होता, आणि तो चालवणारा आदल्या दिवशी आमच्याच घरी पोहे खाऊन गेला होता.

माझ्या नवऱ्याचं नाव अमोल. स्टीलच्या गाळ्यात भांड्यांना पॉलिश करतो. आम्ही मूळचे गुहागरकडचे. शिमग्याला गावी नमन, म्हणजे सोंगांचा खेळ असतो, त्यात अमोल संकासूर होतो. काळे कपडे, उंच टोपी, कमरेला घुंगरं, तोंडावर दाढीवाला मुखवटा. आमच्या वाडीत एक नियम आहे. सोंग अंगावर आहे तोवर त्या माणसाला नात्यानं हाक मारायची नाही. बायकोनं नाही, पोरानं नाही. आमची सान्वी सहा वर्षांची, पण हे तिला कळायला लागल्यापासून ठाऊक आहे. बाप घुंगरं सोडेपर्यंत ती लांब उभी राहते, आणि सोडली रे सोडली की धावत जाऊन 'बाबा' म्हणून गळ्यात पडते.

इथल्या आमच्या मंडळानं नमन ठेवलं होतं, तिथे अथर्वनं अमोलला हेरलं. अथर्व म्हणजे मीरा रोडचा एक पोरगा, सिनेमा काढणारा. खिशात काही नाही आणि तोंडात मात्र मोठमोठ्या गोष्टी. सिनेमाची गोष्ट अशी, की एक माणूस रडणाऱ्या मुलीला ओढत नेतो. रस्त्यावरचे चार अनोळखी लोक त्याला पोरं पळवणारा समजून पाठलाग करतात, पकडतात, मारतात. शेवटी कळतं, तो तिचा बापच. मुलगी बापावर रुसलेली असते, म्हणून लोकांनी विचारल्यावर 'माहीत नाही' म्हणते.

"ताई, अफवांवर विश्वास ठेवू नका, हा संदेश द्यायचाय मला समाजाला," अथर्व म्हणाला. वरून कीर्तन, आतून तमाशा! पण तेव्हा मलाही ते कीर्तनच वाटलं. अमोलचा चेहरा तर असा फुलला होता, की मी काय नाही म्हणणार? मुलगी म्हणून सान्वीलाच घेतलं. दुसऱ्याची पोर आणा, तिच्या आईला आणा, एवढा खर्च कोण करणार!

सान्वीला शिकवणी सुरू झाली. अमोल म्हणायचा, "सांग गं यांना, मी कोण तुझा?" आणि तिनं मान खाली घालून म्हणायचं, "माहीत नाही." पहिल्यांदा ती हसायचीच. मग अथर्वनं तिला समोर बसवलं. "मी कट म्हणेपर्यंत हे तुझे बाबा नाहीत, काय? मध्येच बाबा म्हणालीस तर सगळं पहिल्यापासून करायला लागेल. सगळं म्हणजे सगळं." अमोलनं आणखी समजावलं, "गावाला घुंगरं सोडतो ना मी, तसं इथे कट." झालं. पोरगी शहाण्यासारखी मान हलवून मोकळी.

शूटिंग केबिन रोडवर, भर बाजारात, संध्याकाळच्या गर्दीत. परवानगी नाही, पाटी नाही. कॅमेरा एका टेम्पोत पडद्यामागे लपवलेला. का, तर लोकांना कळलं की ते कॅमेऱ्याकडे बघतात आणि फ्रेम खराब होते. माणूस खराब झाला तर चालेल, फ्रेम नको व्हायला! पाठलाग करणारे चौघे नट पुढच्या गल्लीत रिक्षात बसलेले. मला अथर्वनं मागे लांब, फॉल-पिकोच्या दुकानात थांबायला सांगितलं. आया मध्ये येतात, असं त्याचं म्हणणं.

अमोल सान्वीचा हात ओढत निघाला. सान्वी ठरल्याप्रमाणे मोठ्यानं रडायला लागली. आणि ते चौघे नट रिक्षातून उतरायच्या आत खरे लोक उतरले. एक जण ओरडला, "ए, बच्ची को कहाँ ले जा रहा है?" पहिली थप्पड बसली तेव्हा अमोलला वाटलं, आपलेच चौघे आले. म्हणून तो सिनेमातल्यासारखा वाकून पडला. त्यानं उलट हात उचलला नाही, तोंडही उघडलं नाही. दुसरी, तिसरी बसली, कोणीतरी हेल्मेट घातलं पाठीत, तेव्हा त्याला कळलं. "शूटिंग है, शूटिंग है!" तो ओरडला. तर लोक म्हणतात, "पकडे गए तो सब यही बोलते हैं."

मग त्यानं सान्वीकडे पाहिलं. अगदी जीव तोडून म्हणाला, "सांग गं यांना, मी कोण तुझा?"

घरी रोज म्हणायचा तेच शब्द. त्या बिचाऱ्या जिवाला काय कळणार? तिनं मान खाली घातली आणि म्हणाली, "माहीत नाही."

आणि मग लोकांनी त्याला सोडलं नाही.

आरडाओरडा ऐकून मी धावले. गर्दीत घुसायला जागा नाही. तोवर सेलीनबाय उठली होती. ती उत्तनची, बाजाराच्या कोपऱ्यावर मासळी विकते, आम्ही तिचं नेहमीचं गिऱ्हाईक. मासळी धुवायच्या पाण्याची बादली तिनं त्या मर्दांच्या अंगावर भिरकावली. "आरं मुडद्यांनो, सोडा त्याला! यो चोर न्हाय, माझं गिऱ्हाईक हाय! त्या पोरीचा बापूस हाय यो!" वास मारणाऱ्या पाण्यानं लोक मागे सरले. अमोल रस्त्यावर पडला होता, हात कोपरातून भलताच वळलेला. सान्वी त्याच्याजवळ उभी, फ्रॉकची कड दोन्ही मुठींत धरून. आणि समोर त्या टेम्पोचा पडदा अर्धा उघडा होता. आतून कॅमेऱ्याचा डोळा आमच्याकडेच बघत होता. चालू होता मेला!

पोलीस आले, ओळखपत्रं बघितली, आम्हाला सोडलं. ते चौघे नट तर केव्हाच पळाले होते, मारणारेही पांगले होते. पोरीची काळजी म्हणून मारलं म्हणे. अरे, एवढी काळजी होती तर त्या रडणाऱ्या पोरीला एकानं तरी उचलून घेतलं का? पाणी तरी दिलं? हात धुऊन घेतले आणि गेले आपापल्या घरी जेवायला.

अमोलच्या हाताला प्लास्टर लागलं, गाळ्यातलं काम बंद झालं. तेही सोसलं असतं. पण सान्वीनं त्याला हाक मारणं सोडलं. 'बाबा' हा शब्दच गेला घरातून. "आई, ते पाणी मागतायत." "आई, त्यांना जेवायला वाढ." ते! त्यांना! अमोलनं जवळ बोलावलं तर उंबऱ्यात उभी राहायची, गावाला घुंगरं सुटायची वाट बघत उभी राहायची ना, तशीच लांब. मी रागावले, समजावलं, दृष्टसुद्धा काढली. पण ती उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेना.

"लोकांच्या नजरेत चोर ठरलो, ते मी झेलीन गं, सुगंधा," अमोल एकदा म्हणाला, "पण पोरगीसुद्धा मला घाबरायला लागली." आणि तोंड भिंतीकडे फिरवून रडला. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याला रडताना मी पहिल्यांदा बघितलं. त्या क्षणी अथर्व समोर असता तर लाटणंच घातलं असतं त्याच्या टाळक्यात.

आणि आला ना तो! पेढे घेऊन आला! निर्लज्जम् सदासुखी.

"अमोलदादा, काय शॉट मिळालाय! असं रिअल लाखो रुपये घालून मिळत नाही. बघणारे रडतायत." मग माझ्याकडे वळला. "फक्त एक छोटं काम आहे, ताई. बाजाराच्या आवाजात सान्वीचं वाक्य नीट आलं नाही. स्टुडिओत येऊन तिनं एकदाच 'माहीत नाही' म्हणायचंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कॅमेरा बंद का नाही केलास रे? माणूस मरत होता तिथे! तुझ्या जिभेला काय झालं होतं?"

"घाबरलो होतो, ताई. खरंच. काही सुचलंच नाही."

"कॅमेरा चालू ठेवायचं बरं सुचलं! मग मी सांगू का लोकांना, तुझ्या त्या समाजाच्या संदेशाचं? उचल ते पेढे आणि चालता हो."

अमोल खाटेवरून तेवढंच म्हणाला, "ती परत म्हणणार नाही, अथर्व. त्या दिवसापासून ती मला बाबासुद्धा म्हणत नाही."

अथर्व खाली बघायला लागला. तेवढ्यात दारामागून सान्वी बाहेर आली. अमोलकडे न बघता सरळ अथर्वसमोर जाऊन उभी राहिली.

"अथर्वदादा, कधी म्हणणार?"

"काय कधी?"

"कट."

आम्हा तिघांनाही काही कळेना. मी खाली बसले, तिला जवळ घेतलं. "काय गं बाळा? काय म्हणतेस?"

"त्यानं कट म्हटलंच नाही," ती माझ्या कानात सांगायला लागली, पण सगळ्यांना ऐकू आलं. "मी बाबा म्हटलं तर सगळं पहिल्यापासून करायला लागेल. मग ते लोक परत मारतील."

माझं लेकरू! एवढे दिवस ते बापाला वाचवत बसलं होतं, आणि आम्ही तिची दृष्ट काढत होतो.

मी उठले आणि अथर्वची कॉलर धरली. "म्हण."

"कट," तो पुटपुटला.

सान्वीनं मान हलवली. "असं नाही. मोठ्यानं म्हणतात. सगळ्यांना ऐकू जायला पाहिजे."

शेजारची दारं उघडीच होती. अथर्वनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा अमोलच्या प्लास्टरकडे. मग ओरडला, "कट!" ओरडताना आवाज फाटला त्याचा.

सान्वी जरा वेळ थांबली. खरंच झालं ना, म्हणून तिनं दाराबाहेर पण बघून घेतलं. मग धावत गेली आणि अमोलच्या गळ्यात पडली, दुखऱ्या हाताला जपून.

"बाबा," तिनं विचारलं, "खूप लागलं का हो तुम्हाला?"