फक्त वाचण्यासाठी

स्टेफानियाने गावाच्या नावातली चुकलेली अक्षरं खोडली, बरोबर अक्षरं टाइप केली आणि फाइल सेव्ह करायला गेली, तर कॉम्प्युटरने नकार दिला. ही फाइल फक्त वाचण्यासाठी आहे, बदल करण्याची परवानगी तुम्हाला नाही, असं पडद्यावर आलं. तिने ते बंद करून पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. तळघरात कपडे वाळवायच्या मशीनशेजारी हा जुना कॉम्प्युटर अकरा वर्षं होता, आणि त्या अकरा वर्षांत त्याने तिला असं कधी सुनावलं नव्हतं.

चूक पुस्तकातल्या पारान्का दिद्युकच्या माहेरच्या गावात होती. म्हातारीच्या भाचीने सकाळीच फोनवर सांगितलं होतं की, ते गाव बोरिव्त्सी नव्हे, बोरिव्का. एक्क्याण्णव वर्षांच्या बाईला सासरच्या गावात जन्माला घातलंत तुम्ही, असंही म्हणाली होती. इथे येऊन वसलेल्या युक्रेनियन कुटुंबांच्या आठवणींचं हे पुस्तक गुरुवारी छापायला जायचं होतं.

स्टेफानिया जिना चढून वर आली. दिवाणखान्यात तिचा नवरा ओरेस्त नव्या कॉम्प्युटरसमोर बसला होता, मांडीवर माहितीपुस्तिका उघडी. तो शाळेचा निवृत्त मुख्याध्यापक आणि तालुक्याच्या इतिहास समितीचा अध्यक्ष. शनिवारी त्याने हा कॉम्प्युटर आणला, जिन्याच्या कडेने खिळे ठोकत तळघरापर्यंत वायर नेली, आणि आता एकच पुस्तक वरूनही उघडतं आणि खालूनही, हे त्याने कॉफीच्या दुकानात भेटेल त्याला सांगितलं होतं.

“पुस्तकाचं फोल्डर कुठे गेलं?” तिने विचारलं.

“इकडे आणलं, वरच्या कॉम्प्युटरवर. तुला खालून दिसतं की.”

“दिसतं. बदलता येत नाही.”

“ते मुद्दामच तसं ठेवलंय. ऐन वेळी चुकून बोट लागलं, काही उडालं, तर निस्तरत कोण बसणार? काही सुचवायचं असेल तर कागदावर लिहून दे. मी बघतो.”

त्यात रागबिग काही नव्हता. शाळेत शिक्षकांची रजा नाकारताना तो याच आवाजात बोलत असे. स्टेफानियाचं लक्ष पडद्याकडे गेलं. पुस्तकाचं पहिलं पान उघडं होतं, आणि हे पान तिने आजवर पाहिलेलं नव्हतं. नावाखाली ठळक अक्षरांत होतं, लेखक: ओरेस्त हुमेन्यूक. अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, टंकलेखन साहाय्य: स्टेफानिया. आडनावसुद्धा घातलेलं नव्हतं.

ती स्वयंपाकघरात गेली आणि संध्याकाळच्या पिरोहींसाठी, बटाटा भरून उकडायच्या करंज्यांसाठी, मळून झाकून ठेवलेली कणीक पुन्हा मळायला घेतली.

त्रेसष्ट शेतघरांत टेपरेकॉर्डर घेऊन ती गेली होती. म्हाताऱ्या बायका इंग्रजीत मन मोकळं करत नसत, आणि ओरेस्तचं युक्रेनियन नाताळच्या गाण्यांपलीकडे जात नव्हतं. तो गाडी चालवायचा, पुरुषांशी गव्हाच्या गप्पा मारायचा, पुढ्यात येईल ते खायचा. कोणाचं मूल जहाजावर गेलं, कोणाला पहिला हिवाळा जमिनीत खणलेल्या खोपटात काढावा लागला, हे सगळं तिच्या कानांतून आणि तिच्या बोटांतून त्या कॉम्प्युटरमध्ये उतरलं होतं. समितीच्या कागदावर छापलेलं नाव मात्र त्याचं होतं.

कणीक फार मळल्याने चिवट झाली. ओरेस्तने चौदा पिरोही खाल्ल्या. त्याला काही जाणवलं नाही.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, जेवण झाल्यावर तो कर्लिंगला, बर्फावर दगड सरकवायच्या त्या खेळाला, गेला. गाडी कोपऱ्यावरून वळताच तिने रिजायना शहरात राहणाऱ्या मुलीला फोन लावला. लारिसा एका कचेरीत कॉम्प्युटरचंच काम बघत असे.

“बाबांना विचारलंस?” सगळं ऐकून लारिसा म्हणाली.

“नाही.”

मग लारिसा म्हणाली, “वही घे.”

तासभर स्टेफानिया वर-खाली करत राहिली. फोल्डर पुन्हा जुन्या कॉम्प्युटरवर आणलं. ते नव्यावरून दिसेल अशी सोय केली. ओरेस्तच्या पडद्यावर त्याच जागी, त्याच नावाचं फोल्डरचं छोटं चित्र ठेवलं. शेवटी कोणाला काय करता येईल हे ठरवायचं होतं. तिने स्वतःपुढे ‘सर्व काही’ निवडलं.

“आणि बाबांपुढे?” लारिसाने विचारलं.

“फक्त वाचण्यासाठी.”

“आई, ते भडकतील.”

“भडकू दे. मी त्याचीच वाट बघतेय.”

बोरिव्का तिने लगेच दुरुस्त केलं. पहिल्या पानाला हात लावला नाही. त्या पानावरून तिला समोरासमोर भांडायचं होतं, आणि त्यासाठी तिच्याकडे चाळीस वर्षांची वाक्यं होती. संध्याकाळी ओरेस्त कॉम्प्युटरसमोर बसला तेव्हा ती नळाखाली एकच कढई घासत उभी राहिली. तासाभराने तो उठला, जांभई दिली आणि बातम्या लावल्या.

बुधवारी शेजारचा हरासिम आला. ओरेस्तने त्याला पुस्तक उघडून दाखवलं, पानं सरकवली, दोन परिच्छेद मोठ्याने वाचले. हरासिमने मान डोलावली. स्टेफानिया दारात हात पुसत उभी होती. काहीच झालं नाही. हरासिम गेला.

जेवताना तिनेच विषय काढला.

“पुस्तकात काही बदलायचं राहिलंय का तुझं?”

“छे गं, छान झालंय.” ओरेस्तने बटाट्यावर आंबट साय घातली. “पहिलं पान सोडलं तर अकरा वर्षांत मी त्यातलं एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही, आता कशाला करू?”

हे तो मोठ्या मनाने म्हणाला, बायकोला शाबासकी द्यावी तसा.

तिने काटा खाली ठेवला. ज्या दाराला तिने कडी घातली होती, त्या दाराला त्याने कधी हातच लावला नव्हता. तिने उठून त्याची ताटली उचलली, तेव्हा ताटलीत अजून एक बटाटा होता.

गुरुवारी न्याहारीनंतर ती तळघरात गेली आणि पहिलं पान उघडलं. तळाची बारीक ओळ आधी खोडली. मग ठळक अक्षरांतलं ‘ओरेस्त’ खोडून तिथे ‘स्टेफानिया’ लिहिलं. आडनाव होतं तेच ठेवलं. फाइल सेव्ह झाली. तिने ती छापखान्याला मेलने पाठवली, ती पोचल्याचं उत्तर येईपर्यंत तिथेच बसली आणि मग वर आली.

ओरेस्त हवामान बघत होता.

“पुस्तक छापखान्याला पाठवलं,” ती म्हणाली.

“बरं केलंस,” मान न वळवता तो म्हणाला. “माझ्या डोक्यावरचं एक ओझं उतरलं.”