पट्ट्यातलं बटण

हॉस्पिटलच्या तळघरात पाठीचे पट्टे बनवणाऱ्या बाई कुणालाही विसरत नसत, आणि माफ तर मुळीच करत नसत. एकदा साचा घेतलेली पाठ कायमची त्यांच्या लक्षात राही. त्या दिवशी मात्र पाठ नवी होती, तेरा वर्षांच्या एका मुलीची. ओळखीचं होतं ते तिच्यामागून काठी टेकत आलेलं थोबाड.

व्यायामशाळेचे मास्तर. केस पिकले होते, गाल बसले होते, पण जगाला शहाणपण शिकवणारी हनुवटी तशीच वर होती. त्यांनी काही बाईंना ओळखलं नाही. मुलगी त्यांची नात. बरोबर तिची आई, म्हणजे मास्तरांची सून, आणि तिच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी: कणा अठ्ठावीस अंश वाकलेला, मुलगी वाढीच्या भरात, पट्टा रोज अठरा तास.

"पट्ट्याने कणा सरळ होतो का?" मास्तरांनी विचारलं.

"नाही. आहे त्याहून जास्त वाकू देत नाही. उंची वाढायची थांबेपर्यंत धरून ठेवायचा. पंचेचाळीस-पन्नासच्या पुढे गेला, तर मग ऑपरेशन."

"म्हणजे प्लॅस्टिकचा पिंजरा," मास्तर सुनेला म्हणाले. "या हातांनी किती मुलं सरळ केलीत, विचार कुणालाही."

विचारायला लांब जायची गरज नव्हती. बाई बारा वर्षांच्या असताना डॉक्टरांनी त्यांनाही पट्टाच सांगितला होता. पण वडिलांना मास्तरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. दोन वर्षं आडव्या दांड्याला लटकणं आणि तेल लावून पाठ रगडून घेणं चाललं. दर महिन्याला मास्तर त्या बारा वर्षांच्या पोरीला दाराच्या चौकटीशी उभं करून डोक्यावर पेन्सिलीची खूण करायचे. "बघा, बोटभर वर गेली. कणा सरळ होतोय." अहो, वयात येणारी पोर ती, उंच होणारच. आणि उंची झपाट्याने वाढते तेव्हाच वाकही वाढतो, हे त्या शहाण्याच्या गावीही नव्हतं. पंधराव्या वर्षी पाठ उभी चिरून दोन सळया घालाव्या लागल्या. आजही जमिनीवरची सुई उचलायची तर बाईंना गुडघे टेकून बसावं लागतं. मास्तर तेव्हा त्यांना 'कमान' म्हणायचे, लाडाने. ऑपरेशननंतर ते भेटायला आले नाहीत. निरोप तेवढा धाडला, "पोरीने मन लावून व्यायाम केला नाही." ते एक वाक्य बाईंनी पंचवीस वर्षं उराशी जपलं होतं.

पट्टा त्यांनी चोख बनवला. सुडापायी आपण कामात खोट ठेवणार नाही, अशी त्यांना स्वतःबद्दल खात्री होती.

प्रत्येक पट्ट्याच्या आत त्या शर्टाच्या बटणाएवढं एक यंत्र बसवत. अंगाची ऊब लागली की ते तास मोजतं. पट्टा देताना त्या घरच्यांना बजावत, "लबाडी चालायची नाही, आतला चुगलखोर सगळं सांगतो." मुलं हसत आणि पट्टा घालत. या खेपेला बाईंनी बटण बसवलं, पण त्याबद्दल ब्रसुद्धा काढला नाही.

दोन आठवड्यांनी मुलगी मास्तरांबरोबर आली. काखेत काठ बोचत होता. बाईंनी पट्टा आतल्या खोलीत नेला, काठ घासला आणि बटण कॉम्प्युटरला जोडलं. रोज सात तास. शाळेपुरता. आई संध्याकाळच्या पाळीला गेली की उतरायचा, तो थेट सकाळपर्यंत.

"घालतेस ना?" त्यांनी बाहेर येऊन विचारलं.

मुलीने आजोबांकडे पाहिलं. "हो." तिच्या अंगाला मालीशच्या तेलाचा वास येत होता.

बाईंच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तिथल्या तिथे बोलता आलं असतं. पण दोन आठवड्यांचा पुरावा मास्तरांनी झटकला असता, यंत्र बिघडलंय म्हणाले असते. चार महिन्यांचा कसा झटकतील? तोही सुनेसमोर, डॉक्टरांसमोर?

"छान," बाई मुलीला म्हणाल्या. "असंच चालू दे."

चार महिन्यांनी डॉक्टरांच्या खोलीत नवा एक्स-रे लागला. सदतीस अंश.

"पट्टा घालून इतकं वाढायला नको होतं," डॉक्टर म्हणाले.

"मी आधीच सांगत होतो," मास्तर म्हणाले. "एक तर पट्टा कुचकामी, नाही तर बनवणारीचा हात कच्चा."

बाई याचीच वाट बघत होत्या. त्यांनी छापलेले कागद टेबलावर ठेवले आणि बटणाचं सगळं सांगितलं. सुनेने पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं.

"मी कामावर गेले की काढत होतात, बाबा? रात्री मी येते तेव्हा ती पांघरुणात झोपलेली असते."

"मालीश करत होतो. अगं, दोन बोटं वाढलीय ती, मोजून बघ."

"चौकटीवर खुणा केल्यात वाटतं?" बाईंनी विचारलं.

मास्तरांनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "कमान," ते पुटपुटले.

"हो. मन लावून व्यायाम न केलेली."

हनुवटी खाली आली. "आजपासून तिच्या पाठीला हात लावायचा नाही," सून म्हणाली. पंचवीस वर्षांचं उट्टं पाच मिनिटांत निघालं. खोटं कशाला सांगा, बाईंना फार गोड वाटलं.

मुलगी एवढा वेळ कागदावरच्या तारखांवरून बोट फिरवत होती.

"काख बोचते म्हणून मी आले होते, तेव्हा तुम्ही पट्टा आत नेला होता. तेव्हाच बघितलंत हे?"

सून बाईंकडे पाहू लागली. डॉक्टरांनी चष्मा काढला.

"बघितलं," बाई म्हणाल्या.

"तेव्हा माझा कणा किती होता?"

"अठ्ठावीस. फार तर एकोणतीस."

मुलगी रडली नाही, रागावलीही नाही. "आजोबा काढायला लावायचे तेव्हा मला भीती वाटायची," ती म्हणाली. "पण तुम्ही छान म्हणालात. मला वाटलं, तेवढे तास पुरतात."

मास्तरांनी आपल्या शेजारची रिकामी खुर्ची काठीने बाईंकडे सरकवली.

"बस," ते म्हणाले.