पाच किलोमीटर खालून फोन

आमची ऋतुजा समुद्राच्या तळाशी गेली ती श्रीपूरचं स्थळ टाळायला, असं तिची आई, म्हणजे माझी बायको बजाबाई, सगळ्यांना सांगते. नवरा मुलगा साखर कारखान्यात केमिस्ट, घरचा ऊस, आणि समुद्राच्या संशोधनात नोकरीला लागलेली पोरगी म्हणाली, आधी पाणबुडी, मग लग्नाचं बघू. तेव्हापासून आठ महिने बजाबाईनं लेकीशी बोलणंच टाकलं. "जेवली का इचारा. मी इचारलं म्हनून सांगू नगा," असा सगळा कारभार माझ्यामार्फत. टॉवेलच्या कारखान्यात दिवसभर मागांचा खडखडाट ऐकतो मी, पण घरातल्या शांततेनं पार मेटाकुटीला आलो होतो.

ऋतुजा खाली उतरली त्या दिवशी तिची पाणबुडी सोडणाऱ्या जहाजावरून फोन आला. पाच किलोमीटर खोल, तीन माणसं कशीबशी मावतील अशा धातूच्या गोळ्यात ती बसली होती, आणि घरच्यांना तिच्याशी दोन मिनिटं बोलता येणार होतं. मी स्पीकर लावून मोबाइल बजाबाईपुढे धरला.

"आई?" हंड्यात तोंड घालून बोलावं तसा आवाज आला.

बजाबाईनं मान फिरवली. मी हात जोडले, मनात दोन शिव्याही घातल्या. पोरीच्या डोक्यावर अख्खा समुद्र, माझा जीव टांगणीला, आणि हिचा रुसवा काही जात नाही!

तेवढ्यात शेजारच्या गंगम्मानं आरोळी ठोकली, "नळ आला!" आमच्याकडे पाणी पाच दिवसांतून एकदा येतं, तेही तासभर. त्या वेळी फोनवर जावई असो की साहेब, सोलापुरात सगळे एकच बोलतात. बजाबाईच्या तोंडून सवयीनं तेच गेलं.

"पाणी आलंय, ठेव फोन!"

आणि ती मोटर लावायला पळालीसुद्धा. आठ महिन्यांनी बोलली ती हे, आणि तेही समुद्रात बसलेल्या पोरीला! मी कपाळावर हात मारला.

एवढ्या पाण्यातून आवाज वर यायला जरा वेळ लागला. "आबा, आई बोलली की!" पोरगी रडत होती. "तिला म्हनावं भरून घे आदी. मी थांबते हितं."

बजाबाईनं दारातूनच ते ऐकलं. पिंप निम्मंही भरलं नव्हतं. तिनं मोटर बंद केली. गंगम्मा तिच्याकडे बघतच राहिली. पदराला हात पुसत बजाबाई आत आली आणि मोबाइल माझ्या हातातून हिसकावून घेतला.

"थांबू नगंस तितं," ती म्हणाली. "श्रीपूर गेलं खड्ड्यात. पाणी पाच दिसांनी परत यील. तू आजच्या आज वर ये."