सहलीला गेलेले मेंबर

“भाभी, युद्ध किती लांब हाये ते नका पाहू. तिथलं सरकार किती मेंबरवर उभं हाये, ते पाहा.” माझा नवरा इमरान क्रेन चालवायला परदेशी निघाला, तेव्हा माझा दीर चांद म्हणाला होता. मी हसण्यावारी नेलं. चांद शेलूबाजारच्या ग्रामपंचायतीचा मेंबर; त्याला सगळीकडे तीच दिसते.

काल सकाळपासून आम्ही दोघं मोबाइलवर तिकडची संसद बघत होतो. त्यांच्या शेजारच्या देशात लढाई पेटलेली. पंतप्रधानाला त्यात पडायचं नव्हतं. पण आघाडीतला एक छोटा पक्ष अडून बसला होता: फौज पाठवा, नाहीतर पाठिंबा काढतो. आता विश्वासदर्शक ठराव, आणि नेमकी त्या पक्षाची बाकं रिकामी.

“सहलीले नेले असतील,” चांद म्हणाला. “सरपंचाच्या निवडीआधी फुटू नये म्हणून मलेबी पोहरादेवीले नेऊन ठेवलं होतं. शिरा खाऊन खाऊन जीव गेला.”

“तिकडे असं नसतं रे.”

“काहून? माणसंच हायेत ना?”

माझी लेक नमरा मांडीवर चुळबुळत होती. तेवढ्यात सभागृहाचं दार उघडलं. छोट्या पक्षाचे सगळे रांगेनं हसत आत आले आणि त्यांचा नेता थेट पंतप्रधानाशेजारी जाऊन बसला. चांद ताडकन उभा राहिला. सौदा झाला होता. मी इमरानला फोन लावला.

“कामावरून नीघ. सरळ विमानतळावर जा.”

“अजून मतदानबी नाही झालं, उजमा. कायले घाबरून राह्यली?”

“खुर्ची वाचली त्याची, म्हणजे फौज निघाली. विमानं बंद व्हायच्या आत नीघ. प्रज्वललाही घे.”

प्रज्वल त्याच्याच कामावर, त्याच्याच खोलीत राहतो. आमच्या गावच्या सोजरबाईंचा एकुलता एक मुलगा. मागून त्याचा आवाज आला, “वैनीले सांग, त्याइच्या राजकारणाशी आपलं काय? शिफ्ट झाली की पाहू.”

इमरान मात्र निघाला. दुपारी त्याचा फोन आला. “बसलो विमानात,” एवढंच बोलला आणि फोन कटला. संध्याकाळी बातमी आली: फौज सीमेपार, विमानतळ बंद. चांदनं नमराला खांद्यावर घेऊन अंगणभर नाचवलं. मी हसत होते, रडत होते, आणि मधूनच प्रज्वलचा नंबर लावत होते. तो लागत नाही.

आज इमरानला घ्यायला आम्ही वाशीम स्टेशनवर निघालोय. सोजरबाई घरी एकट्याच आहेत. माझेच पाय तिकडे वळत नाहीत; आनंद तोंडावरून लपत नाही माझ्या. तुम्ही शेलूबाजारात असाल, तर जरा त्यांच्याकडे डोकावून याल का?